उमरग्याहून परत आलेला लॅपटॉप

पोलीस ठाण्यातून फोन आला तेव्हा मी फळ्यावर हृदयाचे चार कप्पे काढत होते. वर्ग अकरावीचा. फोन पर्समध्ये थरथरत राहिला, मी लक्ष दिलं नाही. तास संपल्यावर व्हरांड्यात येऊन उलट फोन लावला, तर पलीकडून एक हवालदार म्हणाले, "मॅडम, लॅपटॉप चोरीची फिर्याद तुमचीच ना? उमरग्यात सापडलाय. नंबर जुळला."

"सापडला म्हणजे... चालू आहे का?" असं काहीतरी विचारलं मी.

"ते आमाला काय माहीत मॅडम? वस्तू सापडली. घिऊन जावा."

गेलेली वस्तू गेली, हे मनाशी पक्कं करायला मला कितीतरी महिने लागले होते. आता ती परत आली म्हटल्यावर आनंद व्हायला हवा होता. पण ती गेली त्या दिवशी जसं वाटलं होतं, अगदी तसंच पुन्हा वाटलं.

मी भूमला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. राहायला जवळच्या ईट गावात, सासरी. घरात नवरा, सासूबाई, मी आणि आता आमची मुलगी. लॅपटॉप गेला तो तिच्या बारशाच्या दिवशी. मला आई नाही, त्यामुळं बाळंतपण सासरीच झालं. बारशाला घर माणसांनी भरून गेलं होतं. पाळणा पुढच्या सोप्यात, जेवणं मांडवात, आणि आलेल्या बायकांच्या पिशव्या, साड्या, बाळंतविड्याचे कपडे हे सगळं आतल्या खोलीत माझ्या पलंगावर. तिथंच उशाशी लॅपटॉप होता. संध्याकाळी पाहुणे पांगले, मी मुलीला निजवायला आत गेले, तर चार्जर भिंतीला लटकत होता, त्याचा बारका दिवा लागलेला होता आणि त्याच्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला काहीच नव्हतं.

बसमधून वस्तू गेली तर माणूस नशिबाला बोल लावतो. घरातून गेली की आलेला एकेक चेहरा आठवायला लागतो, आणि ते फार वाईट असतं. सासूबाईंनी मांडववाल्याच्या माणसांचं नाव घेतलं. नवरा म्हणाला, "पुराव्याबिगर कुणाला बोलायचं न्हाय." त्यानं खोक्यावरचा नंबर लिहून घेतला, फिर्याद दिली आणि विषय मिटवला. मी मात्र रात्रंदिवस मुलीला पाजताना त्या खोलीत कोण कोण गेलं होतं ते आठवत बसायचे.

त्या लॅपटॉपमध्ये माझ्या आकृत्या होत्या. मूत्रपिंड, डोळा, पानाचा आडवा छेद, बेडकाची पचनसंस्था. पुस्तकातल्या आकृत्या आमच्या पोरींना कळत नाहीत, म्हणून मी नोकरीला लागल्यापासून एकेक करून माऊसनं काढलेल्या, रंग भरलेल्या, मराठीत नावं घातलेल्या. त्यांची दुसरी प्रत कुठंच नव्हती. आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटरच्या सरांनी मला अनेकदा सांगितलं होतं, मॅडम, प्रत ठेवा. मी दरवेळी हो म्हटलं होतं.

नणंदेचा त्या काळात आठवड्याला फोन यायचा. नवऱ्याहून लहान, एकुलती एक बहीण. उमरग्याला दिलेली. दाजींचं हायवेला टायरचं दुकान. मोकळ्या स्वभावाची, गल्लीच्या तोंडाशी असली तरी हसणं घरात आधी ऐकू यायचं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. फोनवर आधी मुलीची चौकशी करायची, मग विचारायची, "घावला का वो वहिनी, लॅपटॉप?" मी नाही म्हणायचे. ती म्हणायची, "जाऊ द्या." मला बरं वाटायचं, कुणीतरी विचारतंय म्हणून.

कोर्टातून सुपुर्दनाम्यावर वस्तू ताब्यात घ्यायची परवानगी मिळाल्यावर आम्ही दोघं गाडीनं उमरग्याला निघालो. मुलीलाही न्यायचं माझ्या मनात होतं. आत्यानं तिला बारशानंतर पाहिलंच नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "ऊन लई हाय. लेकराला कशाला तिकडं?" उन्हाचं खरंच होतं, म्हणून मी आग्रह केला नाही.

ठाण्यातल्या हवालदारांनी कपाटातून पुडकं काढलं. वर लाख, चिठ्ठी, सह्या. आत माझा लॅपटॉप. कोपऱ्यावरचा ओरखडा बघून मी त्याला ओळखलं. पण झाकण उघडून बटण दाबलं आणि मी दचकले. पडदा माझा नव्हता. माझ्या पडद्यावर आमच्या शेतातल्या करडईचा फोटो असायचा, इथं कुठल्यातरी परदेशातला समुद्र. माझ्या नावाच्या जागी नुसतं 'युजर'. एकही फोल्डर नाही. सिस्टीमच वेगळी घातलेली, कुठलीतरी जुनी, खटकत चालणारी.

"ह्यातलं माझं सगळं कुठं गेलं?" मी विचारलं.

हवालदार म्हणाले, "दुकानवाल्यानं पुसलं असंल. रिपेरीच्या दुकानात घावला हा. आमी गेलतो चोरीच्या मोबाईलसाठी, तिथं हा बी मिळाला. तो म्हणतो, एक बाई ठिवून गेली, सगळं पुसून द्या म्हणली आन् परत आलीच न्हाय. खरं का खोटं, बघू आता."

"बाई?" नवरा म्हणाला.

"हायवेचं गाव हाय साहेब. इथून माल हैदराबादला बी जातो आन् सोलापूरला बी. कोण कुठली, काय सांगावं."

आम्ही सह्या केल्या आणि लॅपटॉप घेऊन जेवायला नणंदेकडं गेलो. तिनं सकाळीच फोनवर बजावलं होतं, जेवल्याशिवाय जायचं नाही. आम्ही पोचलो तर स्वयंपाक चालू होता. दाजी नवऱ्याला म्हणाले, "चला, तवर तुमच्या गाडीची मागची टायरं बघू, पार गुळगुळीत झाल्यात." दोघं दुकानावर गेले. घरात मी आणि ती.

मला धीर धरवत नव्हता. घरचा चार्जर मी सोबत आणलाच होता. चोरीच्या लॅपटॉपमधलं बहुधा पुसलेलं असतं, असं म्हणून कॉम्प्युटरच्या सरांनी आदल्या दिवशी मला समजावून सांगितलं होतं की कंपनी लॅपटॉप बनवते तेव्हाच डिस्कच्या एका कोपऱ्यात मूळ सिस्टीमची प्रत दडवून ठेवते. कुणी तो कोपरा पुसला नसेल तर चालू होताना एक बटण दाबून धरायचं, मग ती प्रत वर येते आणि लॅपटॉप पहिल्यासारखा होतो. एकदा सुरू केलं की मधे बंद करायचं नाही, विजेची वायर काढायची नाही.

मी तिच्या बाहेरच्या खोलीत चटईवर बसले, वायर लावली आणि बटण दाबून धरलं. निळा पडदा आला. कंपनीचं चिन्ह आलं. म्हणजे तो कोपरा शाबूत होता. मी इतकी हरखले की जोरात म्हणाले, "ताई, निघालं! मूळची सिस्टीम आहे ह्यात."

ती स्वयंपाकघराच्या दारात आली. हाताला पीठ लागलेलं. "म्हंजे?"

"म्हणजे मूळचं सगळं परत आणता येतं. दुकानवाल्यानं जे घातलंय ते जाणार आणि मूळचं परत येणार."

"सगळं?"

"सगळं," मी म्हणाले. खरं तर मला म्हणायचं होतं, सिस्टीम सगळी. पण आकृत्यांची वेडी आशा माझ्याही मनात होतीच, आणि ती आशाच बोलली असेल. मी पडद्यावरच्या प्रश्नांना हो, हो करत गेले. पडद्यावर एक गोल फिरायला लागला.

ती पुढं आली आणि माझ्याशेजारी गुडघे टेकून बसली. पीठ लागलेले हात तसेच. "वहिनी, ह्याला कुणी कुणी हात लावला त्येचा फोटू निघतो म्हणत्यात. वर बारका क्यामेरा असतो. खरं हाय का?"

मी हसले. "कोण सांगतं तुम्हाला?"

"सांगा की. निघतो का?"

मी मान वळवून तिच्याकडं पाहिलं आणि माझं हसू थांबलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती माझ्याकडं बघत नव्हती, त्या फिरणाऱ्या गोलाकडं बघत होती. मग एकदम तिनं हात पुढं केला आणि झाकण धरलं.

"ताई, बंद करू नका! मधेच बंद पडला तर कायमचा जाईल."

"जाऊ द्या," ती म्हणाली. "जाऊ द्या वहिनी, त्येला परत आणू नका."

मी तिचं मनगट धरलं. मग तिनं हात सोडला, भिंतीला पाठ टेकली आणि इतक्या बारीक आवाजात बोलली की मला पहिल्यांदा नीट ऐकूच आलं नाही.

"म्याच नेलता."

"काय?"

"लॅपटॉप. बारशाच्या दिशी. म्याच नेलता, माझ्या पिशवीत घालून."

आत तव्यावर भाकरी होती, ती करपायला लागल्याचा वास येत होता आणि दोघींपैकी कुणी उठत नव्हतं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की इतके महिने मी आठवलेल्या चेहऱ्यांत हा चेहरा एकदाही नव्हता. मांडववाल्याची माणसं होती, गल्लीतल्या बायका होत्या, माझी एक मैत्रीणसुद्धा होती. ही नव्हती.

शेवटी मी उठले, गॅस बंद केला आणि परत येऊन बसले. "का?" एवढंच विचारलं.

ती पदरानं हाताचं पीठ पुसत राहिली. "तुमाला काय सांगितलं त्या दिवशी? नाव ठिवायला मी का न्हवते म्हणून?"

मला सांगितलं होतं, तिचं डोकं दुखतंय. पाळण्याजवळ बाळाच्या कानात नाव सांगायला सासूबाईंच्या पुतणीला बसवलं होतं, दोन मुलांची आई. मी हात-तोंड धुऊन बाहेर आले तेव्हा पुतणी पाळण्याशी बसलेली होती आणि बायका तिच्या पाठीत धपाटे घालून हसत होत्या. नणंद कुठं आहे असं मी विचारलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, डोकं धरून आत पडलीय.

"डोकंबिकं काय दुखत न्हवतं," ती म्हणाली. "आठ दिस आधीपासून लुगडं काढून ठिवलं होतं म्या. पाळण्यापशी जाऊन बसले. लेकराच्या कानाला तोंड लावायचं, आन् पाठीत धपाटे खायचे, म्हणून पाठ वाकवून बसले होते वो वहिनी. आई आली. माझ्या कानात म्हणली, तू ऊठ. पहिलं लेकरू हाय, तुज्या तोंडानं नगं."

"आई म्हणाल्या?"

"माझी आई."

ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती रडत नव्हती. गावाला जाताना बस चुकल्याचं सांगावं तसं सांगत होती. "मग मी आतल्या खोलीत गेले. भाईर सगळ्या हसायला लागल्या. तिथं सगळं तुमचं. तुमचा पलंग, तुमच्या वटीचे खण, तुमच्या लेकराची टोपडी. आन् ह्यो लॅपटॉप. का नेला ते मला न्हाय कळत. मला तुमचं कायतरी न्यायचं होतं. लेकरू तर नेता येत न्हवतं."

शेवटचं वाक्य ती अगदी सहज बोलून गेली. मी भीत भीत तिच्याकडं पाहिलं. मग मला माझीच लाज वाटली, कारण क्षणभर मलाही वाटून गेलं होतं की बरं झालं मुलीला आणलं नाही.

पुढचं तिनं तुटक तुटक सांगितलं. लॅपटॉप तिनं ज्वारीच्या कोठीत दडवला होता. उघडून पाहायचा धीर झाला नाही. फिर्याद दिल्याचं कळल्यावर तिची झोप उडाली. परत आणून द्यावा तर काय सांगून द्यावा? दर आठवड्याला फोन करायची ते त्यासाठीच, बोलायचं ठरवून फोन लावायची आणि भलतंच विचारून ठेवायची. शेवटी तोंडाला रुमाल बांधून दुकानात नेला, सगळं पुसून द्या म्हणाली, कारण पुसल्यावर तो माझा राहणार नाही असं तिला वाटलं. पण घ्यायला परत गेलीच नाही.

"आता दिसंल की सगळं ह्याच्यात," ती म्हणाली. "म्हणून आधीच सांगितलं. दादानं बघून समजण्यापरीस म्या सांगितलेलं बरं."

तेवढ्यात गोल फिरायचा थांबला. पडदा काळा झाला, पुन्हा उजळला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत नमस्कार आला. खाली प्रश्न, तुमची भाषा कोणती? मी बटण दाबलं. तुमचा देश कोणता? तुमचं नाव काय? माझ्याच लॅपटॉपनं मला नाव विचारलं. मी ते टाकलं, तर आत कोरी पाटी. करडईचं शेत नाही, बेडूक नाही, डोळा नाही. मूळचं म्हणजे माझं नव्हतं, माझ्याही आधीचं होतं, कारखान्यातून निघालं त्या दिवसाचं. हे मला कळायला हवं होतं. सरांनी सांगितलंही होतं.

नणंद माझ्या खांद्यावरून बघत होती. "कुठाय?"

"काय?"

"जुनं सगळं."

"ताई, ह्यात काहीच आलं नाही," मी म्हणाले. "येणारही नव्हतं. ना माझं, ना तुमचं. तुम्ही बोलला नसता तर मला कधीच कळलं नसतं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी तिला फसवून बोलतं केलं असं तिला वाटलं की काय, देव जाणे. मी तसं केलं नव्हतं.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. ती उठली, करपलेली भाकरी गोठ्याच्या टोपल्यात टाकली आणि नवीन पीठ मळायला घेतलं. नवरा आत येऊन म्हणाला, "झाला का चालू?" मी म्हणाले, "झाला, पण आतलं सगळं गेलंय." दाजी हळहळले. आम्ही जेवलो. तिनं मला आग्रह करून दुसऱ्यांदा आमटी वाढली.

येताना तुळजापूर मागं पडल्यावर मी सांगून टाकलं. नवऱ्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मला वाटलं, बहिणीवर संतापेल. तो स्टेअरिंग धरून म्हणाला, "आई असं म्हणली? तिला? पाळण्याजवळून उठवलं?" त्याला चोरीचं काही विचारायचंच नव्हतं. "मी तिथंच मांडवात पंगत वाढत होतो," असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई मुलीला अंघोळ घालत होत्या. मी जवळ बसले आणि विचारलं, "आई, बारशाला ताईंना तुम्ही उठवलं होतं का?" त्यांनी वळून पाहिलंही नाही. मुलीच्या पाठीवर पाणी सोडत म्हणाल्या, "व्हय. मग? लेकराचं बघायचं का तिचं?"

"ती तुमची मुलगी आहे."

"म्हणून तर हळू सांगितलं. दुसरी असती तर चारचौघांत म्हणले असते."

त्यांचा आवाज शांत होता. मग त्याच हातांनी त्या माझ्या मुलीच्या टाळूला तेल जिरवायला लागल्या, इतक्या मायेनं की मला बघवेना. लॅपटॉपचं मी त्यांना सांगितलं नाही. नवऱ्यानंही नाही. पण त्यानंतर बरेच दिवस तो त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचा, आणि त्याचं कारण त्या मलाच विचारायच्या.

मध्यंतरी हवालदारांचा एकदा फोन आला. तोंड झाकलेलं होतं, पण दुकानवाल्यानं त्या बाईच्या अंगकाठीचं वर्णन दिलंय, ओळखीची वाटते का सांगायला याल का, म्हणाले. मी स्टाफरूममध्ये होते. बाकीचे डबे खात होते. मी म्हणाले, "साहेब, माझी वस्तू मला मिळाली. मला कुणाला ओळखायचं नाही."

"ते तुमच्या मनावर नसतं मॅडम," ते म्हणाले. "बघू." अजून पुन्हा फोन आलेला नाही. अनोळखी नंबर दिसला की आजही मला तो ठाण्यातलाच वाटतो.

मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला नवरा स्वतः उमरग्याला जाऊन बहिणीला घेऊन आला. मी कुणाला न विचारता मुलगी तिच्या मांडीवर ठेवली. सासूबाईंनी तोंड फिरवलं. सगळं छान होईल असं मला वाटलं होतं, पण मुलीनं तिच्याकडं बघितलं आणि असा टाहो फोडला की अख्खी गल्ली गोळा झाली. तिला आत्याची ओळखच नव्हती. मी घ्यायला पुढं झाले, तर नणंद म्हणाली, "राहू द्या वहिनी, रडू द्या," आणि रडत्या लेकराला खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या मारायला लागली.

मी आता त्या लॅपटॉपवर पुन्हा आकृत्या काढायला घेतल्यात. डोळ्याची झाली, मूत्रपिंडाची चालू आहे.